रिकाम्या हॉलची शांतता

चित्रपट दुपारी दाखवणार होते, फक्त आम्हा पत्रकारांना. टेबलं पुसणारा पोरगा मोठ्या शहरात सगळ्यात झगमगता नाइट क्लब कसा उभारतो, त्याची कथा. तो पोरगा आता क्लबचा मालक होता आणि चित्रपटाला पैसाही त्याचाच. पहिल्या रांगेत पाय ताणून बसला होता.

माझी ताई त्याच क्लबात पेयं बनवायची. आगीत ती गेली, तेव्हा मागचं दार बाहेरून कडी घालून बंद होतं. बिल न देता कुणी सटकू नये म्हणून ते रोजच बंद असायचं. चौकशीत मालक म्हणाला, दार उघडंच होतं, घाबरलेल्यांना ते सापडलं नाही. अहवालातही तेच आलं. ताईचा दोष!

शेजारी चित्रपटाचा ध्वनिमुद्रक बसला होता. सगळे त्याला कानसेन म्हणत.

"सांगू? चिडू नकोस," तो कुजबुजला. "शूटिंग त्याच क्लबात झालं, आगीनंतरच्या डागडुजीनंतर. दर ठिकाणी आम्ही सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या हॉलची शांतता रेकॉर्ड करतो, संवादांखाली अंथरायला. तिथल्या शांततेत टकटक आहे."

"मग काढून टाक."

"काढली, तरी परत येते. मालक म्हणतात, उंदीर. इतके शिस्तीचे उंदीर मी तरी ऐकले नाहीत बाई."

पडद्यावर आग लागली. नायक धुरात शिरला, त्यानं लाथेनं मागचं दार उघडलं, माणसं बाहेर पडली. व्हायोलिनं वाजली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं माणसं कोंडली, तोच त्यांचा तारणहार, आणि वर आमच्याकडून टाळ्यांची अपेक्षा!

संगीत थांबलं. शांतता.

टक टक. जरा थांबून, टक.

पहाटे घरी आली की ताई असंच दार वाजवायची. बाबांची झोप मोडू नये म्हणून हलकेच, बोटाच्या पेरानं.

इथे ती टकटक हलकी नव्हती.

कानसेननं माझं मनगट धरलं. "हे स्पीकरमधून येत नाहीये."

कुणीतरी चित्रपट थांबवला, दिवे लावले. टकटक चालूच. बाहेर जायच्या वाटेकडून.

"अहो, कुणीतरी अडकलंय! उघडा ना!" एक छायाचित्रकार ओरडला.

मालक ताडकन उठला.

"उघडू नका! मी सांगितल्याशिवाय कुणी कडी काढायची नाही!"

टकटक थांबली.

मालकानं स्वतःचंच तोंड दाबून धरलं होतं.

मी ते वाक्य शब्दशः लिहून घेतलं. आजूबाजूलाही पेनं चालू झाली.

मग उठून त्या वाटेशी गेले. तिथे दार नव्हतंच. जाड पडदा होता नुसता, पलीकडे मोकळा, गार पॅसेज.

पडद्याच्या पलीकडच्या बाजूला बोटाच्या पेराएवढे काजळीचे ठसे होते. हात लावला. अजून कोमट होते.