मैनाबाईचा हुंकार

दिवा बारीक करा अन् जवळ सरका. माझ्या आजेसासूनं ही गोष्ट आपल्या आईच्या, सुभद्रेच्या, तोंडून ऐकलेली. वलगावातली.

समुद्रापल्याड कुठंशी लढाई जुंपली होती अन् आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पौषातली अवस. दिवेलागण झाली तशी सुभद्रा मैनाबाईच्या झोपडीकडं निघाली, तिची चरकी आणायला. पहाटे गाड्या अमरावतीला जायच्या होत्या, अन् सरकी काढायचा कापूस ओसरीभर पडला होता.

मैनाबाई जाऊन पंधरवडा झाला होता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. बायांनी हात जोडून सुचेल ते कबूल केलं. पण तिच्या मनात काय राहिलं होतं, कोणाला ठाऊक? तिचं माहेर कोणतं, हेही कोणाला सांगता येईना.

अन् ह्याच बाईला साऱ्या गावाची आपबीती ठाऊक होती. रात्री सुभद्रेच्या ओसरीवर चरक्या फिरायच्या अन् रोज एकीनं आपलं आयुष्य सांगायचं. कोणाची सवत, कोणाचं पटकीनं नेलेलं लेकरू. सांगणारीचे हात थांबले की बाकीच्या तिच्या टोपल्यात सरकी काढलेली आपली रुई मूठमूठ टाकत. अशा एकमेकींच्या झाल्या बाया. वर्षानुवर्षांची भांडणं त्या ओसरीवर विरली. हुंकार मात्र मैनाबाईनंच द्यायचा. तिनं "हं... मंग?" म्हटलं की घशात अडकलेलंही बाहेर यायचं.

एकदा ती हळूच म्हणाली, "आज मी सांगू का वं?"

सुभद्रा हसली. "तुले ना लेक ना बाळ, बुढे. तू काय सांगशीन? तू हुंकार दे."

साऱ्या हसल्या. मैनाबाईही हसली. पुन्हा तिनं विचारलं नाही.

झोपडीचं दार लोटलेलं होतं. आत काळोख. कोपऱ्यात चरकी, शेजारी रिकामं टोपलं. सुभद्रा चरकी उचलायला वाकली.

दांडा हलत होता... वारा नव्हता.

पळावंसं वाटलं. मग तिला ते हसू आठवलं. ती तिथंच खाली बसली.

"मैनामाय, चुकलं माहं. आज तू सांग. मी हुंकार देतो."

कर्र... कर्र...

चरकी फिरू लागली.

शब्द नव्हते. नुसता श्वास. अडखळणारा. मध्येच हुंदका.

"हं..."

चरकी थांबली. मग पुन्हा... कर्र...

"हं... मंग?"

वाट पाहून बाया दिवटी घेऊन शोधायला आल्या. दाराबाहेरूनच त्यांना सुभद्रेचा हुंकार ऐकू आला. आत ती एकटी. डोळे सुजलेले, घसा बसलेला. शेजारच्या पार्बताबाईनं तिला पोटाशी धरून विचारलं, "काय सांगत होती मैनामाय?"

सुभद्रेनं मान हलवली. सांगण्यात शब्द एकही नव्हता.

पार्बताबाईनं दिवटी खाली धरली. मैनाबाईचं टोपलं रुईनं काठोकाठ भरलेलं. झोपडीत तर कापसाचं बोंडसुद्धा नव्हतं. अन् रुईच्या मधोमध एक खळगा. तान्ह्या बाळाचं डोकं मावेल एवढाच.

सुभद्रा घरून पदरभर रुई घेऊन आली. साऱ्यांनी मूठमूठ रुई टोपल्यात टाकली, काठाकाठानं.

खळगा तेवढा कोणी बुजवला नाही. त्याला अजून ऊब होती.