बिजलीच्या नरड्यातली फोड

भाजीवाल्या शांतीबाईंच्या पाटीतून माझ्या बकरीने, बिजलीने, कच्च्या पपईची फोड पळवली. मी तिच्यामागे धावले आणि नेमकी परवेजच्या मटणाच्या दुकानासमोर पोचले. म्हसावदच्या अख्ख्या बाजारात वर्षभर मी तेवढी एकच जागा टाळत होते. त्याचे डोळे चांगले होते, नाही कशाला म्हणू... पण माझी लाडकी बकरी आणि त्याचा सत्तूर!

बिजली गपकन खाली बसली. मान ताणलेली, तोंडातून लाळ, डावी कूस फुगत चाललेली. फोड अडकली होती.

परवेज सत्तूर टाकून, हात धुऊन धावत आला.

“तू नको!” मी ओरडले.

“अंजुम, कथं अटकनं ते माले माहीत शे. धर तिन्हं डोकं.”

मी धरलं. दुसरं करणार काय? त्याची बोटं बिजलीच्या मानेवरून हळूहळू वर सरकू लागली. तो तिच्याशी — की माझ्याशी? — बोलत राहिला.

“हाले शांतीमावशी नरडं म्हनस... आमना घरमा हलक... गुजराती गिऱ्हाईक गळुं. आनि खाले पोट. आमी ओझडी म्हनतस, मावशी वजडी, गुजराती होजरी... भ्याऊ नको, उनं बघ तोंडमा!”

त्याने बोट घालून फोड बाहेर काढली. बिजलीने असा दणदणीत ढेकर दिला की शांतीबाईंनी नाकाला पदर लावला. कूस उतरली. मी रडत होते आणि हसतही होते. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

“इतला शब्द कसा शिकना तू?”

“गिऱ्हाईक मांगस तसा.” तो थांबला. “पन सगळा मरेल बकरीनंच मांगतस. जित्ती बकरीसाठे हाई नावं आज पहिल्यांदा लिधात.”

मी त्याच्या हातांकडे पाहिलं. ते थरथरत होते.

“सत्तूर धरताना बी हात असा थरथरतस का?”

“कधीच नै. पन हाई तुन्ही बकरी ना... तिले काही व्हतं तर तू माले—”

पुढचं त्याने गिळलं. कान लाल झाले होते.

“आते तुन्हा हलकमा काय अटकनं?” मी विचारलं.

“वरीसभरपासून... तुन्हं नाव.”

मी बिजलीचा दोर धरून चालू लागले. पण दुसऱ्या दिवशी तिला त्याच गल्लीतून नेलं, आणि दुकानासमोर आल्यावर मुद्दाम हळू चालले.