देवानं पाय मागं घेतला

नरसिंहाचं सोंग दारोदार नाचून देवळात शिरलं. हलग्या थांबल्या. आता मुखवटा उतरवून, घाम पुसत भुजंग बाहेर येणार म्हणून माणसं खोळंबली. देवळातून कुणी आलं नाही. हाक आली ती भुजंगच्या कडब्याच्या खोपीतून.

"अरे, कुणी कडी काढा रे!"

कडी काढली. आत भुजंग.

गाव गार पडलं. कंधारजवळच्या या गावात मुखवटा चढवायचा मान भुजंगच्याच घराण्याचा. तो खोपीत, तर सकाळपासून नाचलं कोण? बायाबापड्यांनी पाय धुतले ते कुणाचे?

देवळात मुखवटा जागेवर होता. मागचं दार मात्र सताड उघडं.

"देव बाटला," बजरंग म्हणाला. त्याच्या घराचा डोळा या मानावर जुनाच, तरी दुःखाचं तोंड त्याला बरं जमलं. "सांजंपर्यंत मानूस सापडला न्हाई, तर मान भुजंगकडून काढायचा."

पंचांनी माना डोलावल्या. शोधाचं काम आलं पोलीस पाटील भागवतकडं. गावातल्या प्रत्येकाचं उणंदुणं भागवतला तोंडपाठ. स्वतःचं तेवढं तो हिशेबात धरत नसे. त्यातून आज पुनमचं, त्याच्या लेकीचं, लग्न ठरवायला लातूरहून हणमंतराव आलेले. होणाऱ्या व्याह्यापुढं हुशारी दाखवायची संधी कोण सोडतो?

तो आधी खोपीत गेला.

"कोंडलं कुणी?"

"दिसलं न्हाई. मागून ढकललं."

"मग बोंबलला का न्हाईस?"

"हलग्यांत कुणाला ऐकू येतंय, पाटील?"

खोपीत वाकळ अंथरलेली. उशाला भरलेला तांब्या, शेजारी पानाचा डबा. ढकलून कोंडलेल्या माणसाची एवढी बडदास्त?

"भुजंग, मान जाईल. नाव सांग."

"जाऊ द्या मान."

एवढं बोलून भुजंगनं भागवतकडं असं पाहिलं, की जणू चोरी भागवतनंच केलेली.

मग बजरंग.

"तुझ्या दारात कसा नाचला?"

"पाऊल चुकलं न्हाई. खोटं कशाला बोलू? पर देव यंदा लालभडक. दरसाल शेंदूर मनगटाला असतोय. यंदा हात कोपरापस्तोर, पाय गुडघ्यापस्तोर माखलेले."

"अजून?"

"आमच्या आज्यानं लोटांगण घातलं. देव हलला न्हाई."

रीतच ती. मुखवट्याखालचा माणूस देव. सख्खा बाप वाकला तरी देवानं पाय मागं घ्यायचा नसतो.

भागवत घरी आला. आई, साखराबाई, उंबऱ्यातच बसलेली. पाय धुवायची परात तिनं अजून उचलली नव्हती.

"आई, देव दारी आला तवा काय झालं?"

"काय व्हायचंय?"

पुनम आतून म्हणाली, "आजीनं पायाला हात लावला अन् देवानं पाय मागं घेतला, बाबा. तवापासून आजी रडून राहिली."

भागवत परातीतल्या लालसर पाण्याकडं बघत राहिला. मग हणमंतरावांशी एक अक्षर न बोलता बाहेर पडला.

सांजंला सारं गाव पारावर जमलं.

"भुजंगला कुणी ढकललं न्हाई," भागवत म्हणाला. "तांब्या घेऊन तो आपणहून आत बसला. खोप रिकामी वाटावी म्हणून नाचणाऱ्यानं बाहेरून कडी घातली. नाच झाला की येऊन काढणार होता. पर मधीच त्याचं काळीज फाटलं, अन् तो देवळातूनच पळाला."

"पर कोण?"

"लहानपणी भुजंगसंगं नाच शिकलेला. हातापायाची कातडी झाकायची होती म्हणून शेंदूर फासला. सगळ्या गावाला त्यानं पाय धुवू दिले. एकाच म्हातारीपुढं पाय मागं घेतला. देव कुणापुढं पाय मागं घेत न्हाई. पोरगा आईपुढं घेतो."

पारावरच्या नजरा साखराबाईकडं वळल्या. तिला दोन पोरं. त्यातलं एक समोर उभं होतं.

"भीमाशंकर. माझा धाकटा भाऊ." भागवतनं पारावर बसलेल्या हणमंतरावांकडं बघितलं. "त्याला कोड आलं. पुनमची सोयरीक मोडंल म्हणून मीच त्याला नांदेडला घालवला. म्हणलं, लग्न होईस्तोर गावात तोंड दाखवू नको. त्यानं न्हाई दाखवलं."

हणमंतरावांनी हातातला कप खाली ठेवला.

"आमाला तर भाऊ दुबईत हाय म्हणालात."

"खोटं बोललो."

"कोडाला आमी भ्यालो नसतो, पाटील. आता तुमचं भ्या वाटून राहिलं."

भागवतनं मान खाली घातली. आजवर पारावर त्यानं दुसऱ्यांच्या माना अशा घालायला लावल्या होत्या.

पंचांनी मान भुजंगकडंच ठेवला. आडवं बोलायला बजरंगनं तोंड उघडलं, पण शेजारून आज्यानं काठी टोचली.

"बोलाव माझ्या लेकराला," साखराबाई म्हणाली.

भागवतनं फोन काढला. भावाचा नंबर त्यानं कधीच पुसून टाकलेला. साऱ्या गावादेखत तो भुजंगकडं मागावा लागला. भुजंगला पाठ होता.

पलीकडं कंधारच्या स्टँडवरचा गलका. "हॅलो?"

भागवतनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"हॅलो, कोण बोलून राहिलं?"

सारं गाव कान देऊन ऐकत होतं. आणि देवाच्या मुखवट्याआडचा माणूस ओळखणाऱ्या पोलीस पाटलाला, आपण कोण, एवढं सांगता येईना.