दोन हौदांची कासवं

रियाज, तू नुसता ऐक. हसायचं असेल तर शेवटी हस.

दाभोळचा कासम बासष्ट साली कुवेतमध्ये अहमदीला एका अमेरिकन साहेबाच्या बंगल्यावर कामाला होता. साहेब नोकरीला तेल कंपनीत, पण वेड कासवांचं. तिकडे अमेरिकेतल्या वाळवंटातली, चिखलात राहणारी कासवं त्यानं मुद्दाम आणवलेली. मागच्या अंगणात पत्र्याच्या सावलीला सिमेंटचे दोन हौद आणि त्यांत दोन जाती. आता जाती म्हणजे काय, तर दोन्ही मातकट, दोन्ही तळहाताएवढी. हातात घेतली की दोन्ही असा घाण वास सोडायची की साबणानंही जायचा नाही. फरक दिसायचा तो गळ्याखाली. एका जातीचा गळा साधा पिवळा, दुसरीचा ठिपक्याठिपक्यांचा. साहेब एकेक कासव उचलायचा, अंगठ्यानं त्याची हनुवटी वर करायचा, बघायचा आणि म्हणायचा, "हां, यही." मग परत पाण्यात.

उन्हाळ्यात साहेब रजेवर निघाला. जाताना बजावून गेला, की जाती मिसळल्या तर माझी सगळी मेहनत पाण्यात, आणि नीट राहिल्या तर तुझ्या बायकोच्या व्हिसाच्या कागदावर मी सही करतो. कासमची बायको रबिया गावी होती. कासम कुवेतला निघाला त्या दिवशी ती रुसलेली, नुसती तांब्या वर धरून पाणी प्यायली. तिच्या हनुवटीखाली एक तीळ होता, घोटाबरोबर हलायचा. तेवढा तीळ डोळ्यांत घेऊन हा बोटीत चढला होता.

तर साहेब गेला आणि काही दिवस ठीक चाललं. मग एका सकाळी पिवळ्या गळ्यांच्या हौदात एक ठिपकेवालं. कासम वैतागला, उचलून पलीकडे सोडलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, आता दोन. हौदाच्या भिंती कमरेएवढ्या, गुळगुळीत, ही बेणी चढली कुठून? त्याच्या खोलीत राहणारा फारूक या कासवांपायी त्याला कासमऐवजी कासव म्हणून हाक मारायला लागलेला, म्हणून कासमला वाटलं, मस्करी त्याचीच. त्यानं हौदांवर जाळी टाकली, जाळीवर विटा. सकाळी विटा जागच्या जागी आणि आत तसाच घोळ.

शेवटी त्यानं लाल रंग आणला आणि ठिपकेवाल्यांच्या पाठीवर एकेक टिकली लावली. म्हटलं, आता जा कुठे जाता ते.

सकाळी लाल टिकलीवाली सगळी आपल्याच हौदात. कासमला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. सवयीनं त्यानं एकाची हनुवटी वर केली.

गळा साधा पिवळा.

दुसऱ्याचा, तोही. हा धावत पलीकडच्या हौदापाशी. तिथे पाठीवर लाल नाही, आणि गळे ठिपक्याठिपक्यांचे.

"अरे, एका जागी राहा ना," तो त्यांना म्हणाला, घरच्या माणसावर चिडावं तसा.

फारूकला ओढून आणून दाखवलं. फारूक नाक दाबून वाकला. "मला सगळी सारखीच दिसतात," म्हणाला. "गेटवरच्या पहारेकऱ्याला आपण दिसतो तशी."

तो गेला. कासम तिथेच डोकं धरून बसला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. दोन्ही हौदांतली कासवं माना ताणून त्याच्याकडे बघत होती. तोंडाकडे नाही, जरा खाली.

त्या उन्हात त्यानं शर्टाचं गळ्याचं बटण लावलं.

साहेब परत आला. एकेक कासव उचललं, अंगठ्यानं हनुवटी वर केली. "हां, यही. हां, यही." लाल टिकलीवाली, पिवळ्या गळ्यांची, सगळी बरोबर म्हणाला. साहेब, हे उलटं झालंय, असं कासमच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण साहेबाच्या खिशाला पेन होतं.

सही झाली.

हिवाळ्यात रबिया कुवेतच्या शुवेख बंदरात धक्क्यावर उतरली. तीच चाल, तेच हसू. आल्या आल्या म्हणाली, किती वाळलात, खाता की नाही. कासमचे डोळे भरून आले. तिनं पाणी मागितलं. त्यानं बाटली दिली. वाऱ्यानं ओढणी सरकली, मान वर गेली, एकेक घोट गळ्यातून उतरताना दिसला.

गळा साधा होता. तीळ नव्हता.

तिनं बाटली खाली ठेवली. जवळ आली. ओला अंगठा त्याच्या हनुवटीखाली लावला, हलकेच मान वर केली आणि बघितलं.

"हां," ती म्हणाली. "हाच."

तिच्या अंगठ्याला तो वास होता, साबणानं न जाणारा.

मागे उतरणारी माणसं, पुढे टॅक्सीवाला हॉर्न मारतोय, आणि ती शांतपणे याच्याकडे बघत उभी. तू सांग रियाज, तू असतास तर तिची ट्रंक उचलली असतीस?