हाताला लागलेला चेहरा

"बाई, ह्यांचा चेहरा माझ्या हाताला लागला."

चौकीच्या दारात उभ्या असलेल्या म्हातारीने दोन्ही तळवे पुढे केले. तळव्यांवर तपकिरी, गुलाबी, काळी भुकटी माखली होती. फौजदारबाईंनी चहा बाजूला ठेवला.

म्हातारीला त्या चांगल्या ओळखत होत्या. तलावावरच्या मास्तरांची बायको. मास्तरांनी अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं होतं, लहानपणी फौजदारबाईंनाही. अलीकडे त्यांना विसर पडू लागला होता, आणि एका दुपारी ते घरातून निघाले ते परतलेच नाहीत. त्यांचा मुलगा रोज सकाळी चौकीत डोकावून विचारायचा, "काही कळलं?" मग तेही थांबलं. माणूस थकतो, असं फौजदारबाई धरून चालल्या होत्या.

"बसा काकू. काय झालं, नीट सांगा."

"पोराला न सांगता मी आज नदीच्या खालच्या अंगाच्या गावात गेले होते. ह्यांना पाणी दिसलं की राहवत नाही, म्हटलं त्याच बाजूला गेले असतील. स्टँडवर आडोशाला ह्यांचं 'बेपत्ता'चं पोस्टर दिसलं. धूळ बसली होती, हाताने पुसायला गेले, तर धुळीबरोबर चेहराच गेला. बाई, हे कोणीतरी मुद्दाम करतंय."

"कोण करेल?"

"ते मी कसं सांगू? त्या दुपारी माझा डोळा लागला नसता, तर हे दाराबाहेर पडले असते का? माझ्या हातून व्हायचं ते झालं. आता पोस्टर तरी धड असू दे."

फौजदारबाई लगेच खालच्या गावी गेल्या. स्टँड, औषधाचं दुकान, दवाखान्याची भिंत. सगळीकडे तीच गत. 'बेपत्ता' ही अक्षरं शाबूत, चेहऱ्याच्या जागी पांढुरका डाग. त्यांनी एका पोस्टरचा कोपरा नखाने उचकटला.

खाली आणखी एक पोस्टर होतं.

तोच फोटो, तोच मजकूर. उन्हापावसाने विटलेला, पण मास्तर त्यातून स्वच्छ हसत होते. फौजदारबाईंनी अंगठा घासघासून पाहिला. कणभरही रंग निघाला नाही.

पुढच्या भिंतीवरही तसंच. त्यापुढेही. या गावातलं प्रत्येक पक्कं पोस्टर कच्च्या पोस्टराखाली झाकलं होतं. आपल्या गावात मात्र जुनी पोस्टरं जशीच्या तशी होती, एकेरी.

चांगल्यावर वाईट कोण चिकटवतं?

पोस्टरं छापली होती मास्तरांच्या मुलानेच, तो ज्या छपाईच्या दुकानात कामाला होता तिथे. दुकानाचा मालक कवडीचुंबक म्हणून गावभर प्रसिद्ध. फौजदारबाईंनी आधी त्यालाच धरलं.

"मशीनमध्ये स्वस्तातली भुकटी भरता म्हणे?"

"भरतो. त्यात लपवायचं काय? पण माझा रंग कधी उडत नाही."

"मग हा का उडाला?"

मालकाने पोस्टरवर बोट ओढलं आणि भुवया चढवल्या. "ही भाजणीच कच्ची आहे. अहो, या मशीनचा रंग म्हणजे भुकटी. आधी ती कागदावर बसते, मग तापलेल्या रोलरखाली वितळून चिकटते. ताप कमी पडला की नुसती बसून राहते. चेहऱ्यावर रंगांचे थर जास्त, म्हणून आधी चेहरा जातो. अक्षरं तग धरतात."

मुलगा मशीनपाशी उभा होता. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली.

"काय रे, ताप का कमी पडतो?"

"रोलर गेलाय, बाई. नवा मागवलाय."

"कोणी मागवला?" मालक उसळला. "कालच तर याच जाड कागदावर दवाखान्याची कार्डं काढलीस!"

फौजदारबाईंनी एक कार्ड उचललं, नखाने खरवडलं. रंग जागचा हलला नाही.

"मग कागद दमट असेल," मुलगा पुटपुटला.

"गठ्ठा तोच आहे," मालक म्हणाला.

"खालच्या गावातच नवी पोस्टरं का लावलीस?"

"नदी तिकडेच जाते. बाबांना पाणी दिसलं की राहवायचं नाही."

फौजदारबाई थांबल्या. हेच वाक्य म्हातारीच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं. पण ती 'राहवत नाही' म्हणाली होती.

"मालक, कागद जाड असताना मशीनला पातळ आहे असं सांगितलं तर?"

"ताप कमी देईल. मशीन बिचारी, सांगाल ते खरं मानते."

"तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मालक गेल्यावर त्या मुलासमोर स्टूल ओढून बसल्या. आवाज खाली आला.

"मशीन धडधाकट आहे. भुकटी तीच, कागद तोच, कार्डं पक्की. म्हणजे पोस्टरापुरतं कोणीतरी मशीनशी खोटं बोललं. मशीन तू चालवतोस. पहिली पोस्टरंही तूच छापलीस, तीही पक्की. तेव्हा तुला बाबा सापडायला हवे होते. मग एकाएकी तुझं चौकीत येणं थांबलं, आणि एकाच गावातला त्यांचा चेहरा तू झाकलास. शोधणारा माणूस शोध केव्हा थांबवतो? सापडल्यावर. त्या गावात मास्तरांना ओळखणारं कोणीतरी आहे. आणि ते जिवंत असते तर तू त्यांना घरी आणलं असतंस."

मुलाने मशीनच्या झाकणावर हात टेकला.

"पोस्टरवर नंबर माझाच होता," तो म्हणाला. "तिथल्या दवाखान्यातून फोन आला. नावाड्याला नदीत सापडले होते. बेवारस म्हणून ठेवले होते. गेले ते त्याच दुपारी, बाई. आईचा डोळा लागला, त्याच दुपारी."

"आणि तिला सांगितलं नाहीस."

"कसं सांगू? ती आधीच स्वतःला खात होती. हे कळलं असतं तर म्हणाली असती, मीच मारलं त्यांना."

"मग पोस्टरं काढून टाकायचीस."

"ती म्हणत होती, एकदा मीच जाऊन बघते. भिंत रिकामी दिसली असती तर? आणि चेहरा दिसला असता, तर कोणीतरी पटकन बोललं असतं, 'हे तर गेले.' वाटलं, मशीनला बोल लागेल, माणसाला नाही."

पोहताना पोटाखाली धरलेला मास्तरांचा हात फौजदारबाईंना आठवला. मग त्या उठल्या.

"चल. सांगायचं तुलाच आहे. मी बरोबर येते."

घरी म्हातारी दारातच बसली होती. तिने मुलाकडे पाहिलं, मग वर्दीकडे, आणि पुन्हा मुलाकडे.

"कुठे?" तिने विचारलं.

"नदीत."

"कधी?"

मुलाने मागे वळून पाहिलं. फौजदारबाई मध्ये पडल्या नाहीत.

"त्याच दिवशी, आई."

म्हातारीने चौकट घट्ट धरली.

"तू एकटाच गेलास पोचवायला?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"माझा डोळा लागला, त्याचं माझं मी बघेन," ती म्हणाली. "पण रोज माझ्यासमोर बसून जेवत होतास रे. इतके दिवस रडलास तरी कुठे?"

"दुकानात," तो म्हणाला. "मशीन चालू केली की काही ऐकू येत नाही."