‘येतो’ म्हटलं कुणाला?

मोठ्या काकांनी गच्चीवरचा दिवा मालवला आणि पुतण्यांना म्हणाले, "भीती वाटत असेल त्यानं आत्ताच खाली जावं. मधे उठायचं नाही." कुणी उठलं नाही. उठणार कोण? जिन्यात अंधार होता.

"ही ऐकीव गोष्ट नाही. आपले कपडे शिवतो ना, त्या मास्तरवर गुदरलेली आहे. गेल्या मार्चमधला शेवटचा शनिवार. माझ्यासमोर बसून सांगितलंय त्यानं." आणि काका सांगू लागले.

मास्तर आणि फ्यूज शाळेपासूनचे दोस्त. फ्यूज वायरमन, डोकं चटकन उडायचं म्हणून हे नाव. विमानात बसून लांबचा देश बघायचा, हे दोघांचं मिसरूड फुटायच्या आधीपासून ठरलेलं. जुळून यायला चाळिशी उलटली. निघताना फ्यूजच्या बायकोनं मास्तरला बाजूला घेतलं. "भावोजी, यांचा काही नेम नाही. रस्त्यात कुणाशीही बोलत उभे राहतात. हाताला धरून परत आणा. पोर लहान आहे माझी."

"वहिनी, आता ती माझी जबाबदारी."

दिवस मजेत गेले. पूल बघितले, राजवाडा बघितला, बर्फावर दोघंही सपशेल आपटले आणि एकमेकांना हसले. शेवटच्या संध्याकाळी पोरीसाठी स्वेटर घ्यायला बाहेर पडले. वाटेत एक जुनं घर लोकांना बघायला खुलं होतं. म्हटलं, एवढं बघून घेऊ.

आत लहान लहान खोल्या. ओट्यावर भांडी, खुंटीला कोट, खिडकीशी खुर्ची. माणसं केव्हाच मेलेली, वस्तू जागच्या जागी. तिकीटवाली बाई बाहेर किल्ल्या वाजवत उभी, बंद करायची वेळ झालेली.

उंबऱ्यावर फ्यूज वळला. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "येतो हं."

आतून म्हातारा आवाज आला, "कधी?"

"रात्री!" म्हणून फ्यूज हसत पायऱ्या उतरला.

जेवताना मास्तर म्हणाला, "लेका, नाटकात जायचास तू. म्हातारीचा आवाज काय हुबेहूब काढलास!"

फ्यूजचा घास हातातच राहिला. "मी? मला वाटलं, तू काढलास."

"मी कशाला? अरे, मुळात ‘येतो’ म्हणालास कुणाला?"

"सवय रे. कुणाच्याही घरातून निघताना ‘जातो’ कसं म्हणायचं? अभद्र दिसतं."

त्या मुलखात मराठी बोलणारं तिसरं माणूस आठ दिवसांत भेटलं नव्हतं.

खोलीवर आले. फ्यूज पलंगावर बसला आणि काढलेले बूट पुन्हा घालू लागला.

"कुठे निघालास?"

"शब्द दिलाय रे. वाट बघत असतील."

मास्तरनं बूट हिसकावले. दाराला कुलूप लावलं. किल्ली मुठीत धरली. बॅगेतून मापाची टेप काढली. एक टोक स्वतःच्या मनगटाला, दुसरं फ्यूजच्या. पक्क्या गाठी. फ्यूज हात पुढे करून बसला, माप द्यायला बसावं तसा.

तेवढ्यात फ्यूजचा फोन वाजला. मास्तरनं उचलून स्पीकर लावला. घरी तेव्हा उजाडलं होतं. पोरगी होती.

"बाबा, कधी येणार?"

फ्यूज फोनकडे बघत राहिला...

"म्हण ना!" मास्तर ओरडला. "उद्या येतो म्हण तिला!"

ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा हलले.

"बोल रे... बाबा..." मास्तरनं टेपला हिसका दिला.

"जातो गं, बाळा."

पलीकडे वहिनी. "हे काय बोलताय? भावोजी... ते असं काय बोलले?"

मास्तरला फोन कधी बंद झाला, कळलं नाही.

रात्रभर जागायचं ठरवलं होतं. डोळे ताणले. देवाचं नाव घेतलं. पहाटे जरा डोळा लागला. जराच.

जाग आली. खोली गार. पलंग रिकामा. कुलूप तसंच. किल्ली मुठीत. टेपची दुसरी गाठ... तशीच घट्ट. आत हात नव्हता.

मास्तर दोन बॅगा घेऊन एकटा परत आला. विमानतळावर वहिनी पोरीला कडेवर घेऊन उभी होती. त्याच्या खांद्यावरून मागच्या दाराकडे बघत राहिली. शेवटचा माणूस बाहेर पडला तरी बघतच होती.

काका थांबले.

"काका... त्या घरात काहीच नाही सापडलं?"

"पोलिसांनी फळ्या उचकटून बघितल्या. काही नाही. फक्त खुर्चीजवळची खिडकी..."

"काय?"

"काचेवर आतून वाफ धरली होती. श्वासाची धरते तशी. दोन ठिकाणी. एक खाली, बसलेल्या माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवर. एक वर, उभ्या माणसाच्या. तिकीटवालीनं फडक्यानं पुसली. सगळे बाजूला झाले...

खालची धरली. मग वरची."