तेच वजा चिन्ह

आकारामकाकांच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी शिडीवर चढून सगळ्यात वरच्या फळीवरचं एक जाडजूड पुस्तक ओढत होते. खालून कुणीतरी शिडी धरली.

"तुमचा पाय घसरला तर ते पुस्तक माझ्याच डोक्यात पडंल की," तो म्हणाला.

हा उन्मेष. कॉलेजात गणित शिकवायचा. स्वतःच्या छत्रीचं पाणी स्वतःच्याच बुटात ठिबकतंय, याचंही त्याला भान नव्हतं. पुस्तकाचं नाव वाचून त्यानं विचारलं, मूलकणांचं भौतिकशास्त्र शिकायचंय, तर गणित कुठवर झालंय? मी थाप मारणार होते, पण त्याचे डोळे फार सरळ होते. मग सांगून टाकलं... मी नेसरीची सौंदर्या, पाठांतरावर एम.एस्सी. झालेय, बंगळूरच्या एका संस्थेत पीएचडीला जायचंय. फोनमध्ये चाळीस व्याख्यानं साठवलीत आणि दोन वर्षं प्रत्येक जाड पुस्तकाच्या बाराव्या पानावर अडकतेय.

तो हसला नाही. तो हसला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं.

त्यानं काकांना ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या नावानं बाजूला ठेवायला लावलं आणि हातात एक पातळ पुस्तक दिलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून: आधी मॅट्रिक्स, मग कॉम्प्लेक्स नंबर, ग्रुप थिअरी, शेवटी रिलेटिव्हिटी. व्याख्यानांची मालिका एकच, तीही गणितं सोडवल्यावर. रंकाळा तळ्याच्या काठावर बसून पोहायला येतं का, असंही ऐकवलं. गणितं संपतील त्या दिवशी जाड पुस्तक माझं, आणि त्याच दिवशी मी फॉर्म भरायचा, अशी अट ठरली.

मग रोज संध्याकाळी आम्ही दुकानातल्या बाकावर बसू लागलो. काका चहा मागवायचे आणि मुद्दाम पाठ फिरवायचे. मी अडले की उन्मेष उत्तर सांगायचा नाही, नुसती पेन्सिल पुढं सरकवायचा. कधी बोटाला बोट लागायचं... आणि पुढची ओळ दोघांनाही सुचायची नाही.

श्रावण संपत आला तेव्हा एकच गणित राहिलं होतं. काळाच्या वर्गातून अंतराचा वर्ग वजा करायचा, आणि मी रोज बेरीज करायचे. असे पंधरा दिवस गेले. उन्मेष रोज म्हणायचा, उद्या परत बघू.

फॉर्मच्या शेवटच्या तारखेला मी पोचले, तर बाकावर ते गुंडाळलेलं पुस्तक होतं. उन्मेष उभाच होता.

"घे हे," तो म्हणाला. "आणि फॉर्म आत्ता, इथंच भर."

"पण माझं गणित अजून—"

"सौंदर्या, जिनं ग्रुप थिअरी तीन आठवड्यांत संपवली, ती एक वजा चिन्ह पंधरा दिवस चुकत न्हाय. मला पहिल्या दिवशीच कळलंतं. बोललो न्हाय... तू जाशील म्हणून. चूक माझी हाय."

माझे कान तापले. मला वाटत होतं, लबाडी मी एकटीच करतेय. रागवायचं तरी कुठल्या तोंडानं? मी फोन काढला. डोळे भरले होते, म्हणून फॉर्ममधले रकाने तोच वाचून दाखवत होता. शेवटचं बटण दाबलं आणि मी त्याच्याकडे पाहिलं.

"तू आवडतोस मला. म्हणून चुकत होते."

"मला पण तू... लई," तो म्हणाला. मग पेन्सिल माझ्यापुढं सरकवली. "निवड झाली की मी रजा काढून बंगळूरला येतो. बाराव्या पानावर अडकशीलच."

मी पुस्तकावरचं वर्तमानपत्र सोडलं, बारावं पान उघडलं आणि सगळं वाचून काढलं. समजलं.

"न्हाय अडकत," मी म्हटलं. "तरी ये."